सुईचा उपचार आणि समग्र आरोग्य

(सोयगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्याविषयी दोन शब्द बोलावेत, अशी चालकांची आज्ञा झाली. ॲक्युपंक्चर म्हणजे चिनी सुईचा उपचार घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न अलीकडे पुष्कळ घरांतून विचारला जातो. त्याचाच विचार आज आम्ही आपणापुढे ठेवीत आहोत.

ही विद्या आपणांस सर्वस्वी परकी नव्हे. जपानी आक्रमणाने गांजलेल्या चीनच्या साहाय्यास १९३८ साली आपल्या देशातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत असता ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी तेथेच देह ठेविला. त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, १९५८-५९ मध्ये सुईची विद्या शिकले आणि कलकत्त्यास परतून तिचा त्यांनी प्रसार केला. सेवेतून जुळलेल्या स्नेहाच्या वाटेनेच ती आपल्याकडे आली.

शरीरात प्राणशक्ती ठराविक मार्गांनी वाहते व ती अडली की व्याधी होते, असे चिनी वैद्यक मानते. आधुनिक शरीरशास्त्रास हे मार्ग आढळलेले नाहीत. तथापि सुईच्या टोचणीने मज्जातंतू चेतविले जातात व शरीरातीलच वेदनाशामक द्रव्ये सुटतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. जुनी कंबरदुखी, मानदुखी, गुडघेदुखी यांत पुष्कळांस आराम पडतो. मात्र प्रयोगात नुसत्या दिखाऊ सुया लावल्या तरीही काही आराम पडतो, आणि खऱ्या सुईचा अधिक गुण बेताचाच असतो, हेही आम्ही सांगितले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुन्या कंबरदुखीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात सुईचा उपचार आहे. पण त्याच्या जोडीस व्यायाम, रोग्यास नीट समजावून सांगणे आणि मनाचा विचार हेही आहे. समग्र आरोग्य म्हणतात ते हेच. दुखते ती कंबर, परंतु आजारी असतो तो सबंध माणूस.

आपल्या या कापसाच्या मुलखात याचा अर्थ काय? वेचणीच्या दिवसांत आपल्या माता-भगिनी कमरेला झोळी बांधून दिवसभर वाकतात आणि घरी येऊन पुन्हा चुलीपाशी बसतात. कंबर दुखते हे त्या बोलत नाहीत, आणि आम्ही पुरुष विचारीत नाही. अशा स्त्रीस दहा वेळा सुया टोचून आणल्या, आणि घरी तिची झोप, तिचे पोटभर जेवण व तिच्या कामाची वाटणी जशीच्या तशी राहिली, तर तो उपचार कितीसा टिकावा?

सावधगिरीचेही दोन शब्द. जुने आहे म्हणून ते हितकरच, असे नव्हे. मेळघाटात आजारी तान्ह्या लेकरांच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची रीत जुनीच आहे; तिने लेकरे दगावली आहेत. सुईने मधुमेह बरा होत नाही, क्षय वा कर्करोगही जात नाही. त्या आशेवर औषध थांबविणे प्राणावर बेतते. दुखण्याबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, पाय बधिर होत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. सुई निर्जंतुक व एकदाच वापरावयाची असावी. नाहीतर काविळीसारखे रोग रक्तातून पसरतात. महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने या उपचारास कायद्याचा आधार दिला आहे. म्हणून उपचारकाची नोंदणी विचारण्यास संकोच करू नये.

समाजबंधूंनो, सुई घ्यावी की न घ्यावी, हे ज्याने त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. आमची विनंती त्याहून लहान आहे. आज घरी गेल्यावर आपल्या आईस, पत्नीस, वहिनीस एवढेच विचारावे, की कोठे दुखते? आणि उत्तर मिळेपर्यंत तेथून उठू नये. या उपचारास ना पैसा लागतो, ना नोंदणी.