झोपेची गोळी आणि दुसरी सकाळ



छत्रपती संभाजीनगरच्या बातम्यांत ‘बटन’ गोळ्या वारंवार येतात.
नशेसाठी चोरून विकल्या जाणाऱ्या या गोळ्यांत अनेकदा नायट्राझेपाम असतं.
मुळात हे झोपेचं औषध.

त्याची गुंगी मोजतात कशी?

माणसाला कोऱ्या पडद्यासमोर बसवतात.
अचानक ठिपका उमटतो.
दिसताक्षणी कळ दाबायची.
ताजातवाना माणूस पटकन दाबतो.
गुंगीतला उशिरा दाबतो…
कधी डोळे उघडे असूनही त्याचा हात हलतच नाही.
हे हुकलेले ठिपकेच सगळ्यांत बोलके.

मेंदूचा आलेखही काढतात.
जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी प्रथम टिपल्या.
नवल असं, की या गोळीनं माणूस पेंगतो, पण आलेखात जलद लहरी वाढतात!
म्हणून दोन्ही तपासण्या एकत्र पाहाव्या लागतात.

हे औषध शरीरातून सावकाश उतरतं.
रात्रीच्या गोळीचा अंमल दुसऱ्या दिवशीही राहतो.
डोळे उघडले, तरी मेंदू सावध झालेला नसतो.
पुन्हा ऐका…
जाग आली, म्हणजे सावधपणा आला असं नव्हे.

तेव्हा अशा सकाळी जालना रोडवर गाडी काढू नका.
डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही गोळी घेऊ नका.
रोजची सवय असेल, तर ती एकदम तोडूही नका.
घाटी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात आधी दाखवा.