रिकामे उत्तर



मी राज्य शासनाचा कर्मचारी, शिक्षण डिप्लोमापर्यंत. कार्यकारिणी म्हणाली, "संगणकाविषयी काही सोपे बोला." म्हणून माझीच एक फजिती सांगतो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यातले सगळे लेख एका मोठ्या एक्सएमएल फाइलीत विनामूल्य उतरवून घेता येतात. एक्सएमएल म्हणजे डब्यात डबा आणि प्रत्येकावर चिठ्ठी. 'पेज' या डब्यात 'टायटल' म्हणजे शीर्षक, आणि 'रिव्हिजन'च्या आत 'टेक्स्ट' म्हणजे मजकूर.

पायथनमध्ये चार ओळी लिहून मी विचारले, 'पेज' किती? उत्तर आले, शून्य! फाइल तर गच्च भरलेली. मग कळले की पहिल्याच ओळीत 'नेमस्पेस' दिलेला असतो, म्हणजे सगळ्या डब्यांचे आडनाव. हजेरीपटावर आडनावासकट नाव असेल, तर संगणक नुसत्या नावाला ओ देत नाही. पायथन ३.८ पासून नावाआधी महिरपी कंसात तारांकन टाकले, की 'आडनाव कोणतेही चालेल' असा अर्थ होतो. तसे केले आणि पाने भराभर आली.

मग शीर्षकांत 'भोपाल' शोधले. पुन्हा शून्य. मी घरी जाहीर करून टाकले, "मराठीत आपल्या शहरावर लेखच नाही!" मुलगी म्हणाली, "बाबा, ल लिहिलात की ळ?" 'भोपाळ' टाकले, लेख समोर हजर. इथे राहून माझ्या बोटांना 'ल'ची सवय झाली होती, आणि संगणक अक्षराला अक्षर ताडून पाहतो.

तेव्हापासून एक नियम पाळतो. जे आहे हे नक्की ठाऊक आहे, ते आधी विचारून पाहायचे. तेही सापडले नाही, तर चूक प्रश्नात आहे.

हे फक्त संगणकवाल्यांसाठी नाही. आपल्यातले काळे इथल्या कागदांवर 'काले' होतात, कुळकर्णी 'कुलकर्णी' होतात. खिडकीपलीकडचा माणूस "यादीत नाव नाही" म्हणाला, तर निराश होऊन परतू नका, "दुसऱ्या तऱ्हेने लिहून बघता का?" असे विचारा. आणि खिडकीच्या आत बसणाऱ्या माझ्यासारख्यांनी तर 'नाही' म्हणण्याआधी स्वतःहून एकदा बघावे.

गणपती बाप्पा मोरया!