टसरचा पतंग आणि त्याचे रान



ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, त्या गुरुजींनी एका हिवाळ्यात वर्गाच्या खिडकीत टसरचा कोसा टांगला होता. आकाराने कोंबडीच्या अंड्याएवढा, तसाच टणक. उन्हाळा सरत आला, तरी हालचाल नाही. "आतला जीव मेला असेल, टाकून देऊ या," असे म्हणणाऱ्यांत मी पुढे होतो. गुरुजी एवढेच म्हणाले, "पाऊस पडू दे."

पहिल्या सरींनंतर एका सकाळी कोशाला बिलगून मादी बसलेली दिसली. पंखांचा विस्तार १५ सेंटिमीटरांहून अधिक आणि प्रत्येक पंखावर काचेसारखा पारदर्शक डोळा! शास्त्रज्ञ या पतंगाला 'अँथेरिया मायलिटा' म्हणतात. प्रौढावस्थेत तो काहीही खात नाही. अळीने पानांतून साठविलेल्या शिदोरीवरच त्याचे थोडे दिवस निभतात. नराच्या पिसासारख्या मिशा मादीचा गंध दुरून टिपतात.

त्याचे घर म्हणजे मध्य भारतातील पानझडीचे रान. भंडारा-गडचिरोलीकडे ढीवर समाज ऐन आणि अर्जुन या झाडांवर या अळ्या वाढवितो व पाखरे, मुंग्या, गांधीलमाश्या यांपासून त्यांची राखण करतो. ऐनालाच आपण इकडे साज म्हणतो. बस्तरची 'रैली' जात सालवृक्षावर राहते. तिचे कोसे रानातूनच गोळा होतात. सलग धागा हवा, तर आतला जीव वाफेने मारावा लागतो. पतंग बाहेर पडला की कोशाला भोक पडते. म्हणून पुढच्या पिकासाठी काही कोसे जिवंत राखणे भाग असते. तुतीचा रेशीमपतंग हजारो वर्षे माणसाच्या घरात राहून उडणे विसरला. टसरच्या अळीला मात्र आजही उघड्यावरचे झाडच लागते. झाड तुटले, तर धागाही तुटला.

गुरुजींनी ती मादी आवारातील अर्जुनावर ठेवली. शहरात नर येणार कोठून? तिने अंडी घातली, ती फळली नाहीत. आठवड्याभरात ती मेली. त्या दिवशी गुरुजी वर्गापुढे म्हणाले, "चूक माझी. मी कोसा आणला; रान आणता आले नाही."

शिक्षकाने विद्यार्थ्यांसमोर चूक कबूल करताना मी प्रथमच पाहिले. पतंगाविषयी पुढे पुष्कळ वाचले. पण तो धडा त्या एका वाक्याने दिला. त्या वाक्याला वंदन करून मी आपली रजा घेतो.