परमुलुखातला संसार आणि म्हातारपणचे घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा खाडीपलीकडे होती, आणि होडीने मुलीला कोण पाठवणार, म्हणून तिथेच थांबले. कार्यवाहबाईंनी मागच्या महिन्यात सांगितले, "तुम्ही सतरा वर्षे मस्कतला राहून आलात, तेवढे सांगितलेत तरी पुरे." तेव्हा लिहून आणले आहे. वाचताना अडखळले तर सांभाळून घ्यावे.

मी २००६ साली मस्कतला गेले. आमचे 'हे' आधीपासून तिथे एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते. मुंबईहून विमानाने अडीच तासांत मस्कत येते. आमच्या राजापूर तालुक्यातल्या गावाहून मुंबईला पोचायला त्याच्या तिप्पट वेळ लागतो. तेव्हा परदेश दूर असतो हे काही मला पटत नाही. दूर होते ते माहेर.

रुवी म्हणून भाग आहे, तिथे दोन खोल्यांच्या ब्लॉकात एक खोली आमची आणि एक खोली एका मल्याळी जोडप्याची. स्वयंपाकघर दोघींत एक. सकाळी दहापर्यंत माझा स्वयंपाक, दहानंतर तिचा. तिला मी चेची म्हणत असे, म्हणजे ताई. ती खोबरेलात मासे तळायची. पहिले आठ दिवस मला डोक्याला लावायचे तेल कढईत ओतल्यासारखे वाटे. पुढे सवय झाली, आणि आता माझ्याच घरी कधीकधी त्या तेलात सुरमई तळली जाते. ती माझ्याकडून आमसुलाचे सार शिकली. भाषा दोघींची मोडकी हिंदी. पण बाई, दोन बायका एका ओट्यावर रोज उभ्या राहिल्या की भाषेचे फारसे अडत नाही.

तळमजल्यावर एक ओमानी कुटुंब होते. ईदला त्यांनी बोलावले. तिथे खजूर आणि कावा देतात. कावा म्हणजे वेलची घातलेली कडू कॉफी, बिनकानाच्या इवल्याशा पेल्यातून. पेला रिकामा झाला की घरची सून लगेच भरी. नको कसे म्हणावे ते मला कळेना, म्हणून पीत राहिले. सात पेले झाले. शेवटी त्यांची धाकटी मुलगी हसू लागली आणि तिने दाखवले की पुरे झाले म्हणजे पेला हातात धरून जरासा हलवायचा. त्या रात्री मला झोप नाही.

लोक विचारतात, तिथे परके वाटत नव्हते का? मस्कतला कच्छी व्यापारी कित्येक पिढ्यांचे आहेत, देवळे आहेत. मत्रहच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने मला सांगितले होते की १९७० पर्यंत तिथे रुपयाच चालत असे, आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा छापलेला. गणपतीला मराठी माणसे जमायची. पण बायकांचा दिवस फार लांब. जूनपासून ऊन असे की उघड्यावरच्या मजुरांना साडेबारा ते साडेतीन काम करायला कायद्यानेच बंदी. मग गृहिणी कुठे जाणार? काचा बंद, वातानुकूलन चालू, मुले शाळेत. आम्हांला मिळाला होता त्या व्हिसावर मला कमाईचे काम करण्याची परवानगी नव्हती. शिवण येत असूनही मी कोणाचे पोलके पैसे घेऊन शिवले नाही. भिशी मात्र चालवली, बारा जणींची, आणि एकीचाही हप्ता कधी बुडाला नाही, हे जरा अभिमानाने सांगते.

२००७ च्या जूनमध्ये गोनू नावाचे मोठे वादळ आले. वीज गेली, आणि पाठोपाठ पाणी गेले. तेव्हा मला समजले की त्या शहराचे पिण्याचे पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून येते, आणि ते कारखाने थांबले की नळ कोरडा. चेची आणि मी बादल्या घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या होतो. घरी विहीर असलेली मी कोकणातली बाई!

आता मुख्य गोष्टीकडे येते.

तिथे प्रत्येकाला राहण्याचे एक कार्ड असते. माझे आणि मुलांचे कार्ड आमच्या ह्यांच्या कार्डावर, आणि ह्यांचे कार्ड नोकरीवर. नोकरी सुटली की सगळ्यांचाच मुक्काम संपला. वीस वर्षे राहा की तीस, त्या राहण्याने आपल्यासारख्याला नागरिकत्व मिळत नाही. अमेरिकेला गेलेल्यांचे निराळे. पेन्शनही नाही. सुटताना नोकरीच्या वर्षांच्या हिशेबाने एकरकमी पैसे मिळतात, तेवढेच. हे सगळे आम्हांला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरी परत कुठे जायचे हा विषय निघाला की हे म्हणत, "बघू, अजून वेळ आहे."

२०२० साली करोना आला आणि पगार निम्मा झाला. मे महिन्यात सरकारने माणसे परत आणायला विमाने सोडली, त्यातून चेची गेली. जिन्यात उभी राहून लांबूनच हात हलवला. चौदा वर्षे एका ओट्यावर काढली होती. ह्यांची नोकरी टिकली, पण २०२३ मध्ये कंपनीने जागाच कमी केल्या. दोन महिन्यांची मुदत. ह्यांचे वय चौपन्न, मधुमेह, आणि आदल्याच वर्षी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला.

एका स्नेह्यांनी सुचवले, दुबईने २०२० पासून पंचावन्न वर्षांवरच्यांना राहण्याचा व्हिसा देणे सुरू केले आहे, तिकडे बघा. चौकशी केली तर दहा लाख दिरहम शिल्लक दाखवावी लागते, नाहीतर तशीच मोठी मिळकत किंवा घर. ऐकून आम्ही दोघेही हसलो. त्या दिवसांत हसायला तेवढेच मिळाले.

खरे पर्याय दोन. गावचे घर, जिथे सासूबाई एकट्या राहतात. त्यांचे वय आज अठ्ठ्याहत्तर. नाहीतर डोंबिवलीची जागा, आम्ही २०१२ साली घेऊन भाड्याने दिलेली. ह्यांना गाव हवे होते. चोवीस वर्षे दुसऱ्याचा माल मोजला, आता स्वतःची कलमे मोजीन, असे म्हणत. मला डोंबिवली हवी होती. मुले पुण्याला, गाडीची सोय, हाकेला डॉक्टर. खरे सांगायचे तर मला पुन्हा बंद घरात दिवस काढायचा नव्हता, आणि गावात आमच्या वाडीतल्या अकरा घरांपैकी सात बंद.

आम्ही दर वर्षी गावी जायचो ते मे महिन्यात. मे महिन्यात कोकणातले कुठलेही घर चांगलेच दिसते. आंबे असतात, मुंबईकर आलेले असतात. म्हणून मी ह्यांना म्हटले, आपण आषाढात राहून बघू. राहिलो. चौथ्या दिवशी वीज गेली ती तीन दिवसांनी आली. राजापूरच्या जवाहर चौकात पाणी भरले, एसटी बंद. ह्यांची इन्सुलीन शेजारच्या गावातल्या फ्रिजमध्ये ठेवायला पोराला धाडले. तिथेही वीज नव्हती. मग मी माठाच्या ओल्या वाळूत ती बाटली पुरून ठेवली. पाऊस उघडल्यावर मी मुद्दाम रिक्षा आणि पुढे गाडी करून घड्याळ लावून पाहिले. दारापासून रत्नागिरीच्या हृदयाच्या डॉक्टरांपर्यंत दोन तास दहा मिनिटे. रात्री गाडी मिळाली तर.

ते कागदावर लिहून मी ह्यांच्या जेवणाच्या ताटाशी ठेवले. ते रागावले. महिनाभर कामापुरतेच बोलले. ह्यांचे म्हणणे असे की आईला त्या घरात सोडून शहरात राहायचे तर परदेशात होतो ते काय वाईट होते? ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही पुरते नाही.

सासूबाईंना विचारले, आमच्याबरोबर चला. त्या म्हणाल्या, "तुम्ही लोक घरे बदला, मी तुळस बदलणार नाही."

शेवटी डोंबिवलीची जागा विकून इथे रत्नागिरीत ही दोन खोल्यांची जागा घेतली. ह्यांना हे पूर्ण गाव नाही, मला हे पूर्ण शहर नाही. दर शनिवारी गावी जातो, सोमवारी परत. सासूबाईंकडे रात्री झोपायला वाडीतली एक बाई ठेवली आहे. त्यांचे सत्तरीवरच्यांचे सरकारी आरोग्य कार्डही काढले, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे. २०२४ पासून ते उत्पन्न न पाहता मिळते.

ज्यांची माणसे आखातात आहेत त्यांना दोन गोष्टी सांगते, कारण आम्हांला कोणी सांगितल्या नाहीत. तिथला आजारपणाचा विमा कंपनीचा असतो आणि नोकरीबरोबर जातो. इथे नवा काढला तर जुन्या दुखण्याचे पैसे मिळायला थांबावे लागते. २०२४ पासून ते जास्तीत जास्त तीन वर्षे केले आहे. तेव्हा तिथे असतानाच इथला विमा काढून ठेवावा. दुसरे, परदेशी असताना बँकेत एनआरई खाते असते, त्याच्या व्याजावर इथे कर नाही. पण कायमचे परत आलो की बँकेला कळवून ते खाते बदलून घ्यावे लागते. आम्ही आठ महिने तसेच ठेवले आणि मग हिशेबनिसाकडे खेटे घातले. खाते नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर ठेवू नका, हे तिसरे. ते आखाताबाहेरच्यांनाही लागू आहे.

ह्या मंडळात मी मागच्या वर्षी आले. मंगळवारी दुपारी इथे येते तेव्हा खिडक्या उघड्या असतात आणि रस्त्यावरच्या मासेवालीची हाक ऐकू येते, तिचे मला फार अप्रूप वाटते.

गेल्या शनिवारी गावी पोचलो तर सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. पिशवी हातातून घेत मला म्हणाल्या, "राहायला आलीस की बघायला?" मी म्हटले, "आधी चहा टाकते."