आठ गोण्या मीठ
(युवक शिबिरातलं भाषण)


मी गोदीत गोण्या उचलतो. शिक्षण मॅट्रिक. शेतीशास्त्र मला कुणी शिकवलं नाही, पण गोण्या मोजता येतात. म्हणून मिठाचा हिशेब गोण्यांतच मांडतो.

आमच्या नगर जिल्ह्यात प्रवरेचे दोन मुलूख आहेत. वर अकोले तालुका, घाटघर-भंडारदरा. तिथं पाऊस असा कोसळतो की जमिनीतलं मीठ धुऊन जातं. आदिवासी भावांची भातखाचरं त्या गोड्या पाण्यावर उभी. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, कालव्याचं पाणी खाली श्रीरामपूर-राहुरीच्या काळ्या रानांत खेळलं. ऊस आला, कारखाने आले, बंगले आले. पाणी आणणारे कालवे खणले. पाणी बाहेर काढणारे चर पुरेसे कुणी खणले नाहीत. चिकण माती पाणी सोडत नाही. खालचं पाणी वर चढतं, ऊन ते पितं आणि मीठ तेवढं मागं ठेवतं. सखल रानं आधी बसली. आमचं ओढ्याकाठचं वतनाचं दीड एकर त्यातलंच. विहीरही मचूळ झाली.

आता शहाणे सांगतात, ‘पाणी साचतंय ना? मग भात लावा!’ अर्धं खरं आहे. भाताचे पाय पाण्यात चालतात. चोपण जमीनही तो बरी सोसतो. पण खारं पाणी? तिथं गहू, कापूस त्याच्यापेक्षा चिवट.

हिशेब करा. लिटरमागं एक ग्रॅम मीठ, जिभेला जेमतेम कळेल एवढं. एकरभर खाचरात चार इंच पाणी म्हणजे सुमारे ४ लाख लिटर. मीठ ४०० किलो. पन्नास किलोच्या आठ गोण्या, एका पाळीला! दहा पाळ्यांना ऐंशी. पाणी उडून जातं, गोण्या रानातच. चर नसेल तर त्या उचलायला हमालच नाही.

रोपाचं काय होतं? मुळं पाण्यात आणि रोप तहानलेलं. मीठ पाणी धरून ठेवतं, मुळाला ओढू देत नाही. वर सोडियम, क्लोराइड पानात साठतं, शेंडे पांढरे पडून करपतात. लावणीचं कोवळं रोप आधी मरतं. जगलेलं फुटवे धरतं, हिरवं दिसतं, माणूस फसतो. पोटरी-फुलोऱ्यात मीठ पुन्हा गाठतं. लोंबी ताठ उभी राहते. भरली असती तर वाकली असती. हातात पळिंज. मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता ३ डेसिसायमनच्या वर गेली, की पुढच्या दर आकड्याला साधारण १२ टक्के पीक घटतं.

कोकणात खार सोसणारी पनवेलची वाणं आहेत. पण तिथंही पाऊस आधी मीठ धुतो, मग बियाणं तगतं.

महाडला १९२७ साली पाणी घेण्यासाठी चालून गेलो. आता ते बाहेर काढायचंय. जिप्सम टाका म्हणतात. चोपणाला ते लागतंच, पण सुटलेलं मीठ जाणार कुठून? चर ओढ्यात सोडायचा, तर ओढा बुजलेला. खालच्या अंगाला बागायतदारानं ओढ्याच्या पात्रातच ऊस लावलाय. कचेरीत नकाशा मागितला तर साहेब म्हणतो, उद्या या. या उन्हाळ्यात आम्हीच ओढा मोजणार आहोत, नदीपर्यंत. ज्याला यायचंय त्यानं टेप आणि फावडं घेऊन यावं.