दुखणे नाकाचे की नजरेचे?
(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



विषय ऐकून मागे काही जण हसले. प्लास्टिक सर्जरी म्हणजे सिनेमावाल्यांचे काम, आपल्या वस्तीत त्याचे काय? पण गोरेपणाचे क्रीम आपल्या कुठल्या घरात आले नाही? 1975 साली निघालेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव कंपनीने 2020 साली बदलले. वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवरचा ‘रंग’ हा रकाना मात्र आम्हाला अजून दिसतो.

1898 साली बर्लिनमध्ये जॅक जोसेफ नावाच्या ज्यू डॉक्टरांनी एका माणसाचे मोठे नाक ऑपरेशनने लहान केले. नाकाला आजार काहीच नव्हता. लोक टक लावून बघतात, हसतात, म्हणून तो बिचारा पार खचला होता. ऑपरेशननंतर त्याची उदासी गेली, असे डॉक्टरांनी तिथल्या वैद्यकीय सभेत सांगितले. पुढे त्यांच्याकडे कितीतरी ज्यू माणसे आली. का? तर नाकावरून ज्यू ओळखता येतो, असा तेव्हा युरोपात समज होता. दुखणे बघणाऱ्याच्या नजरेत, आणि कापले गेले नाक! आडनाव विचारून जात काढणारे ज्यांना भेटले आहेत, त्यांना हे वेगळे समजवायला नको.

काहींना मात्र कोणी काही बोलत नाही, तरी आरशापुढून हलवत नाही. इटलीच्या मोर्सेली या डॉक्टरांनी 1891 साली या दुखण्याला नाव दिले. आज त्याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. दुसऱ्याला दिसणारही नाही असे व्यंग यांना डोंगराएवढे वाटते. शंभरात साधारण दोघांना हा त्रास असतो, कॉस्मेटिक सर्जनकडे जाणाऱ्यांत त्याहून बराच जास्त. ऑपरेशन उत्तम झाले तरी यातल्या बहुतेकांचे समाधान होत नाही. नाक झाले की हनुवटी खटकते. औषधाने आणि समुपदेशनाने पुष्कळांना आराम पडतो. यात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचारही येतात, तेव्हा घरच्यांनी ‘नखरे आहेत’ म्हणून उडवून लावू नये.

सगळेच असे असतात असे नाही हं. चांगला डॉक्टर आधी विचारतो, हे कधीपासून खटकते, आरशापुढे किती वेळ जातो, कोणाच्या सांगण्यावरून आलात? स्वतःला हवे म्हणून, थोडक्या अपेक्षेने आलेला माणूस सहसा खूश होऊन जातो. ‘नाक नीट झाले की नवरा नांदवेल’ या आशेने आलेल्या बाईला डॉक्टरांनी परत पाठवावे, आणि आम्ही म्हणतो, नवऱ्याला बोलावून घ्यावे.