एक तृतीयांश सेकंदाचा समुद्र

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं की समुद्राच्या पाण्याचा तो दुधासारखा, धुक्यासारखा ब्लॅक अँड व्हाइट फोटो कसा काढायचा. सांगतो. पण तो मी आता काढत नाही, आणि का काढत नाही हेही आज सांगतो.

गुहागर तालुक्यातल्या हेदवीला गेलाय का कुणी? दशभुज गणेशाचं हेदवी. तिथे किनाऱ्यावर उमा-महेश्वराचं देऊळ आहे आणि त्याच्या जवळच कातळात एक अरुंद भेग आहे, बामणघळ. भरतीला लाट त्या भेगेत घुसते, आतल्या टोकाला आपटते आणि पाणी सरळ वर उडतं. आवाज असा येतो की पायाखालचा दगड हादरल्यासारखा वाटतो.

मी पहिल्यांदा गेलो ते पौर्णिमेला, सकाळी दहाच्या सुमारास. नवा ट्रायपॉड, नवा दहा स्टॉपचा एनडी फिल्टर. (एनडी म्हणजे लेन्सला घातलेला गॉगल. सहा स्टॉपचा असेल तर प्रकाश ६४ पटींनी कमी होतो, दहा स्टॉपचा असेल तर साधारण हजार पटींनी.) एफ १६, आयएसओ १००, शटर दहा सेकंद उघडं. खालच्या पायरीसारख्या कातळावर उतरून फोटो काढत बसलो. बाजूला एक काकी कालवं काढत होत्या. त्यांनी आपलं सामान आवरलं आणि मला म्हणाल्या, "ए पोरा, वर ये. पाणी भरतंय."

"काकी, दोनच मिनिटं."

"आज पुनव आहे. पाणी थांबणारे होय तुझ्यासाठी?"

माझी नजर स्क्रीनवर. तिसरी की चौथी लाट सरळ अंगावर आली. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला होता म्हणून कॅमेरा हातात राहिला. ट्रायपॉड घळीत गेला. मी शेवाळावरून घसरलो, गुडघा फुटला आणि काकींनी शर्टाची कॉलर धरून मला वर ओढलं. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रात्री खोलीवर फोटो बघितले. सगळे गुळगुळीत. काळा कातळ, पांढरं धुकं. आणि बामणघळ? नव्हतीच! पाण्याचा तो उसळलेला खांब दहा सेकंदांतला जेमतेम एक सेकंद हवेत असतो. उरलेले नऊ सेकंद त्याच्यामागचा कातळ आणि आकाश नोंदलं जातं. मी कोड लिहिणारा माणूस, तेव्हा माझ्या भाषेत सांगायचं तर लांब एक्स्पोजर म्हणजे ॲव्हरेज. क्षणभर येणारी गोष्ट ॲव्हरेजमध्ये मरते. फेससुद्धा पांढरा न राहता राखाडी होतो. ज्याच्यासाठी मी जवळजवळ वाहून गेलो होतो, तेच फोटोत नव्हतं. तो फोटो कुठल्याही किनाऱ्याचा चालला असता.

मायकेल केन्नाचे समुद्राचे फोटो बघा, त्याची काही रात्रीची एक्स्पोजर तासन्‌तास चालतात, आणि ते सुंदरच आहेत. पण त्याला शांतता हवी असते. घळीला शांत करून काय मिळवायचं?

आता तिथीचा हिशेब. किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेचे १५, पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीचे ८, पाऊणपट सहा. हे ढोबळ आहे, नक्की वेळ भरती-ओहोटीच्या ॲपवर बघाच. पण यातून फोटोवाल्यासाठी एक गंमत निघते. संध्याकाळच्या सोनेरी उजेडातली भरती अष्टमीच्या आसपास येते, आणि ती असते भांगाची, कमी जोराची. उधाणाची भरती पुनवेला-अवसेला, म्हणजे भर दुपारच्या आसपास. पाणी जोरात हवं असेल तर ऊन कडक मिळणार.

रंगीत फोटोत ते ऊन वाईट दिसतं. सगळं फिकट, आकाश पांढुरकं. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये मात्र तेच ऊन कामाला येतं. ओला कातळ काळाकुट्ट, त्याच्या कडांवर चमक, फेस पांढरा. म्हणून मी आता पुनवेलाच जातो, पण सहा स्टॉपचा फिल्टर घेऊन. कडक उन्हात एफ ११, आयएसओ १०० ला फिल्टरशिवाय शटर येतं साधारण १/२००. गुणिले ६४ करा. सुमारे ०.३ सेकंद. एवढ्या वेळात खांब खांबच राहतो, फक्त त्याचे धागे सुटतात. लाट मागे जाताना बटण दाबलं तर कातळावरून उतरणाऱ्या फेसाच्या रेघा मिळतात. मला त्या जास्त आवडतात.

एक्स्पोजर फेसावर ठेवा. फेस जळला तर परत येत नाही, काळं थोडं उचलता येतं. गुस्ताव्ह ल ग्रेनं १८५७ च्या आसपास फ्रान्समधल्या सेत इथे लाटेचा फोटो केला, तेव्हा आकाश आणि समुद्र दोन वेगळ्या काचांवर घेऊन जोडले होते, कारण एकात दोन्ही मावत नव्हते. तुमचा फोन एचडीआरमध्ये हेच गुपचूप करतो. फोनवाल्यांनो, प्रो मोड, रॉ फाइल आणि क्लिपचा एनडी, एवढं पुरे. आयफोनवर लाइव्ह फोटोचा लाँग एक्स्पोजर इफेक्ट आहे, पण तो तीन सेकंदांचं मिश्रण करतो. घळीसाठी जास्तच.

आणि बॅग उघडण्याआधी वीस मिनिटं नुसतं बघत बसा. सगळ्यात वर कातळ कुठपर्यंत ओला आहे, ते बघा. उभं राहायचं ते त्याच्याही वर. तिथून झूम लावा. खाऱ्या तुषारांसाठी गोड्या पाण्यात भिजवलेलं फडकं जवळ असू द्या.

गेल्या खेपेला काकी परत भेटल्या. मी बराच वर, कोरड्या कातळावर होतो. मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी बोटानं मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, "हां, आता घळ दिसते. ट्रायपॉड गावला काय रे तुझा?"

नाही गावला.